ताईचं वांग

भाद्रपद वद्य ५, शके १८५६. हसनाबाद

आज सासूबाईंच्या हातून दुधाचं पातेलं पडलं. मी चुलीपुढून उठून त्यांच्याकडे वळले, दारातला उजेड माझ्या तोंडावर आला, आणि त्या "चतुरे!" म्हणून ओरडल्या. मग पदर तोंडाला लावून भिंतीशी बसल्या. दूध सगळं जमिनीत गेलं.

चतुरा म्हणजे माझी ताई. ती जाऊन परवाच्या श्रावणात वर्ष झालं. पोटात सात महिन्यांचं मूल होतं, तेही तिच्याबरोबर गेलं. फाल्गुनात बाबांनी मला याच घरात, ताईच्याच नवऱ्याला दिलं. घर माहितीतलं आहे, माणसं चांगली आहेत, असं म्हणाले. ते खोटं नाही.

सासूबाई उठून गेल्यावर मी नणंदेचा, कौसाचा, आरसा घेतला. माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं आहे. चहा सांडून सुकावा तसा फिकट तपकिरी डाग. केव्हा आलं मला कळलंच नाही. उजवीकडे थोडं आहे. डावीकडे मोठं, आणि त्याचं एक शेपूट ओठाच्या कोपऱ्याकडे उतरलं आहे. ताईचं असंच होतं. शेपटासकट.

ताई असती तर हे तिलाच सांगितलं असतं. दुसऱ्या कुणाला काही सांगायची मला सवय नाही. म्हणून जालन्याहून येताना बाबांनी दिलेली कोरी वही काढली. मी पाचवीपर्यंत शिकले, लिहिता येतं, पण चांगलं लिहायचं कसं ते माहीत नाही. जे झालं ते लिहीन.

भाद्रपद वद्य ९

अविधवा नवमी. ताईच्या नावाने सवाष्ण जेवू घातली.

माझ्या गळ्यात ताईचा टाक आहे. आमच्यात दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक घालायचा असतो. सोन्याच्या पत्र्यावर ठोकून काढलेली बाई, नखाएवढी. मी जेवताना पहिला घास तिला दाखवते. नवं लुगडं आधी तिला लावते, मग नेसते. कुंकूसुद्धा आधी तिला. तसं नाही केलं तर पहिली अंगावर येते म्हणतात. माझी तर सख्खी बहीण. मला भीती कधी वाटली नाही. उलट ती छातीशी आहे याचं बरंच वाटायचं.

थोरल्या जाऊबाई, उषाबाई, आज वाढता वाढता सगळ्यांसमोर म्हणाल्या, "टाकात जागा पुरंना वाटतं चतुरेला. तोंडावर येऊन बसली."

सासूबाई म्हणाल्या, "उषे, पुरण लागून राह्यलं तिकडं. ते बघ आधी."

हे ताटावर बसले होते. यांनी मान वर केली नाही. ताईचे मिस्टर म्हणून मी यांना पाच वर्षं दाजी म्हणत होते. आता दाजी म्हणता येत नाही आणि 'अहो' तोंडातून निघत नाही. म्हणून मी यांना हाकच मारत नाही. जवळ जाऊन उभी राहते.

आश्विन शुद्ध ३

कौसाने माझं तोंड ताब्यात घेतलं आहे. तिचं लग्न माघात ठरलं आहे, नवरा वडीगोद्रीचा. तिच्या कपाळावर आणि हनुवटीवर पुटकुळ्या आहेत. त्यांच्यासाठी ती कडुलिंबाचा पाला वाटते, त्यातच आता माझीही सोय.

"वहिनी, हलू नका. जायफळ डोळ्यात गेलं तर मला बोलाल."

जायफळ दुधात उगाळून वांगावर. दुसऱ्या दिवशी मसुरीचं पीठ आणि साय. मग रक्तचंदन. एकदा लिंबू लावलं तर इतकं चरचरलं की मी तोंड हौदात घातलं, आणि ती हसून हसून लोळली. तिच्या पुटकुळ्या काही जात नाहीत, माझं वांगही जात नाही. पण तेवढा वेळ बरं वाटतं.

दुपारी सोनूबाई सुईण दारावरून चालली होती. माझं तोंड बघून आत आली, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, पोटाला हात लावला आणि सासूबाईंना म्हणाली, "द्वारकाबाई, साखर काढा. तिसरा हाय हिला. मला वाटलंच, वांग उगं येत न्हाई."

मला शंका होतीच, पण मी बोलले नव्हते. सासूबाईंनी साखर काढली. मग हळूच म्हणाल्या, "चतुरेला पण असंच आल्तं."

"येणारच की. एका आईच्या लेकी, एक कातडी. बाळंत झाली की जाईल आपसूक. काही लावू नका, काही पुसू नका."

कातडी एक असेल. पण शेपूट? तेही त्याच गालावर?

आश्विन शुद्ध १०

दसरा. यांनी सगळ्यांना आपट्याची पानं दिली. कौसाच्या डोक्यावर टपली मारून दिली, जाऊबाईंना वाकून दिली. माझ्यापुढे आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि पानं उंबऱ्यावर ठेवून गेले.

रात्री हे मळ्यातच झोपतात. आधी रानडुकरांसाठी म्हणत होते. आता कपाशीसाठी म्हणतात. जाताना म्हणाले, "तोंडावरून पदर घेत जा."

मी पाहत राहिले तेव्हा म्हणाले, "ऊन लागतं."

घरात कसलं ऊन.

आश्विन वद्य ७

सासूबाईंच्या तोंडावर देवीचे वण आहेत. गालापासून कपाळापर्यंत एक बोटभर जागा साफ नाही. आज त्यांनी मला माजघरात बसवलं आणि आपण होऊन बोलल्या. एरवी त्या स्वतःबद्दल बोलत नाहीत.

"माझ्या तोंडावर देवीनं पाय दिला तव्हा मी नऊ वर्षांची होते. लग्न झालं. तुझ्या सासऱ्यांनी मला कितीक वर्षं दिवा विझवल्याशिवाय हात लावला न्हाई. लोक म्हणायचे, मर्यादेचा माणूस." त्या हसल्या. "तुझं तसं नको व्हायला. पुंजा घरात राह्यला पाहिजे. लेकरू होईल तव्हा बाप घरात पाहिजे."

उतरंडीतलं वरचं मडकं उतरवून त्यांनी खालच्यातून एक पितळी डबी काढली. "चतुरेचं हाय. तिनं हट्ट धरला म्हणून पुंजानं जुन्या जालन्यातल्या एका मलमवाल्याकडून आणलं होतं. लई गुणाचं. तिचं वांग बिलकुल निघाल्तं बघ शेवटी. मेली तव्हा तोंड कसं चांदीसारखं."

ते मला आठवतं. मला वाटलं होतं, मेल्यावर तसंच दिसतं.

डबी निम्मी भरलेली होती. राखेसारखं पांढरं, जड मलम. त्यात मधोमध बोट फिरल्याची खोलगट खूण होती. ताईने शेवटचं घेतलं तेव्हाची. सव्वा वर्ष तशीच. मी तिच्यावर बोट ठेवलं. बराबर बसलं.

मी घेऊन तोंडाला नेणार तर सासूबाईंनी हात धरला. "अगं, आधी तिला. लुगडं लावतीस, कुंकू लावतीस, मंग हे का न्हाई? तिच्या आवडीचं हाय."

खरंच होतं. मी आधी टाकाला लावलं, ताईच्या दोन्ही गालांवर. मग माझ्या.

कार्तिक शुद्ध २

दिवाळी झाली. वांग फिकं पडू लागलं आहे. रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी लावते, आधी ताईला, मग मला.

पाडव्याला यांना ओवाळलं. पदर मागे सरकला होता, तो मी सावरला नाही. यांनी पाहिलं. डोळे लगेच काढून घेतले नाहीत. जेवण झाल्यावर मळ्यात न जाता ओसरीवर बसले, आणि मी सुपारी द्यायला गेले तेव्हा म्हणाले, "उद्या वेचणीला येतीस का? जास्त काम न्हाई. बसून राह्य बांधावर."

मी गेले. बांधावर बसले. यांनी एक बोंड तोडून माझ्या ओटीत टाकलं. एवढंच.

टाकातली ताईही बदलली आहे. आधी तिच्या कपाळाला आणि नाकाला पांढुरकी झाक आली. आता सगळं तोंड पांढरं झालं आहे, जणू चांदीत केली होती. सासूबाईंनी हात जोडले. "गोरी झाली गं. जितेपणी पाहिजे होतं ते भेटलं तिला. शांत झाली."

उषाबाई भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "मेल्यावर समदेच गोरे व्हतेत."

कार्तिक वद्य ४

तोंडाला चव नाही. चव नाही असं नाही, एकच चव आहे. भाकरी, वरण, गूळ, पाणी, सगळ्याला तांब्याचा पैसा चोखावा तशी चव लागते. हिरड्या सुजल्या आहेत, सकाळी चूळ भरली की रक्त येतं. झोप लागत नाही. हात थरथरतो. हे लिहितानाही अक्षर वाकडं येत आहे. सुई ओवता येत नाही, कौसा ओवून देते.

ताई शेवटी शेवटी माहेरी आली होती तेव्हा म्हणाली होती, "सगुणे, काहीही खाल्लं तरी भांडं चाटल्यासारखं लागतं गं." ती वाटी हातात धरी तेव्हा वाटीतलं पाणी हले.

आता मला समजलं. रोज मी घास तिला दाखवते आणि मग खाते. पण खाते कोण? चव तर तिची आहे. हात तिचा आहे. ती माझ्या तोंडाने जेवते आहे.

मला भीती वाटायला पाहिजे. थोडी वाटतेही. पण संध्याकाळी अंगणात एकटी बसले तरी आता एकटी वाटत नाही, हेही खरं आहे.

मार्गशीर्ष शुद्ध ५

सकाळी जोडवी बोटांत रुतली. पाय सुजले आहेत. डोळ्यांखालीही सूज आहे, पाहताना पापणी जड लागते.

सोनूबाईला बोलावलं. तिने माझ्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. मातीत दाबल्यासारखा खळगा पडला, तो भरायला वेळ लागला. तिचं हसणं गेलं.

"मीठ बंद. घेटुळीची भाजी खा रोज. आडवी पडून राह्य." मग सासूबाईंकडे वळून खालच्या आवाजात बोलली, पण मला ऐकू आलं. "तिचं पण पायापासूनच सुरू झाल्तं."

"दिष्ट लागलीय का बघ की."

"खाती काय ही? वरचं काही घेती का?"

"काही न्हाई. तोंडाला मलम लावती तेवढं."

"तोंडाच्या मलमानं पाय कुठं सुजतेत," सोनूबाई म्हणाली. "भोकरदनच्या वैद्याला तरी दाखवा."

हे दारात उभे होते. म्हणाले, "गाडी जुंपतो. जालन्याच्या दवाखान्यातच नेऊ."

सासूबाई म्हणाल्या, "चतुरेला नेली न्हाईस? रस्त्यात हाडं खिळखिळी झाली तिची, एवढंच." बैलाचं जू यांच्या हातात तसंच होतं, ते घेऊन परत गेले.

मी मेले तर हे तिसरी करतील का? तिने मग दोन टाक घालायचे का? दोन घास दाखवायचे? असलं मनात येतं. मरायचं मला नाही. पोटात हलू लागलं आहे.

मार्गशीर्ष शुद्ध १२

आज मी मलम लावलं नाही.

लावायलाच बसले होते. डबी उघडली, आरसा खिडकीत ठेवला. उजवा गाल साफ आहे. डावाही साफ आहे. फक्त ओठाच्या कोपऱ्याजवळचं शेपूट राहिलं आहे, तेही पुसट. आज लावलं असतं तर दोन-चार दिवसांत गेलं असतं.

मी पाहत राहिले. ताईचं माझ्याकडे काय आहे? लुगडी सासूबाईंनी वाटली. तिचे दागिने माझ्या अंगावर आहेत, पण ते आता माझेच म्हणतात. टाकातली बाई कुणाचीही असू शकते, सोनाराने सगळ्यांच्या सारख्याच काढलेल्या असतात. ताई म्हणून मला ओळखू आलं ते फक्त हे वांग. ती स्वतःहून आली होती, माझ्या तोंडावर. आणि मी रोज तिला पुसत बसले होते. यांनी माझ्याकडे बघावं म्हणून.

सूज म्हणजे तिचा राग असेल तर तो बराबर आहे.

मी डबी बंद केली आणि होती तशी मडक्यात ठेवून दिली. बोटाला तूप लावून तोंडाला चोळलं, म्हणजे सासूबाईंना तोंड चकचकीत दिसेल. टाक स्वच्छ पुसला. पांढरेपणा गेला नाही. म्हटलं, ताई, राहू दे, आता लावणार नाही. तू राहा.

मार्गशीर्ष वद्य ८

वांग परत गडद होत आहे. सासूबाई रोज हनुवटी धरून उजेडात बघतात. म्हणतात, "जुनं झालं वाटतं मलम. जोर गेला त्यातला."

यांनीही पाहिलं. मी पदर ओढून घेतला नाही. मला वाटलं, आता हे मळ्यात जातील परत. गेले. मला वाईट वाटलं, ते लिहून ठेवते. पण मी डबीला हात लावला नाही.

हिरड्यांतून आज रक्त आलं नाही.

पौष शुद्ध ६

कौसाच्या लग्नाचे मणी ओवायला कारभारी सोनार आला होता. भट्टी, फुंकणी, सगळं ओसरीवर मांडून बसला. बोलका माणूस आहे. कौसाला म्हणाला, "नथ अशी करतो की नवरा नथीकडं बघत राहील, पुटकुळ्या दिसायच्याच न्हाईत." कौसा त्याच्या अंगावर धावून गेली.

सासूबाईंनी त्याला माझा टाक दाखवला, नवल म्हणून. "बघ, आमची चतुरा कशी उजळली."

कारभारीने टाक उजेडात धरला, अंगठ्याने घासला, वास घेतला. "पारा लागला की हिला. घरात कोणी सोनं करायला बसलंय का काय?"

"कसला पारा? आमच्याकडं कशाला पारा?"

"सोन्याला पाराच असा खातो, बाई. पिवळं सोनं धरलं की पांढरं करतो. काही न्हाई, भट्टीत घातली की उडून जाईल. आत्ता करून देतो." त्याने चिमटा उचललासुद्धा.

सासूबाईंनी टाक त्याच्या हातातून ओढून घेतला. "एकदा जाळली तिला. परत जाळायची का? ती शांत झाली, तुला पारा दिसतो!"

कारभारीने हसून चिमटा खाली ठेवला. हे खांबाशी उभे होते. यांनी हसून पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. मी विचार केला, पारा आपल्या घरात कुठून येणार. पारा मी एकदाच पाहिला आहे, दवाखान्यातल्या काचेच्या नळीत, चमकणारा. आमच्याकडे तशी नळी नाही.

थोड्या वेळाने मी गुळाचा चहा घेऊन गेले तर हे कारभारीजवळ उकिडवे बसले होते. तो आपल्या वडिलांचं सांगत होता. ते देवळांच्या कळसांना पाऱ्यातून सोन्याचा मुलामा द्यायचे. "...शेवटी शेवटी बापाला हातात वाटी धरवत नव्हती. दात सगळे हलायला लागले." मला बघून दोघं थांबले. यांनी चहा घेतला नाही. जेवायलाही आले नाहीत.

पौष वद्य ३

संक्रांत झाली. पायाची सूज उतरली आहे. जोडवी फिरतात. सोनूबाई म्हणते घेटुळीचा गुण. सासूबाई म्हणतात देवीला नारळ बोलले होते त्याचा. मला माहीत आहे कुणाचा.

आज सकाळी मिरचीचा ठेचा आणि बाजरीची भाकरी खाल्ली. मिरची मिरचीसारखी लागली. डोळ्यांतून पाणी आलं तरी खात राहिले. कौसा म्हणाली, "वहिनी, लेकरू रागीट निघणार तुमचं."

संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. असे कधी येत नाहीत.

"ते मलम लावतीस का अजून?"

"न्हाई."

"कव्हापासून?"

"मागच्या महिन्यापासून."

हे दाराशीच खाली बसले, बसायला पाट नव्हता तरी. मला वाटलं रागावले, वांग परत आलं म्हणून. म्हटलं, "बाळंत झाल्यावर जाईल, सोनूबाई म्हणली."

"राहू दे," हे म्हणाले. "असू दे ते." मग म्हणाले, "आईला सांगू नको मी विचारलं म्हणून."

का सांगायचं नाही ते विचारायला मला सुचलं नाही.

माघ शुद्ध ४

सातवा लागला. सगळे माझ्याकडे बघतात आणि दुसरंच बोलतात.

मला काहीच होत नाही. झोप लागते, इतकी की कौसा हलवून उठवते. सुई एका फटक्यात ओवली जाते. पाणी पाण्यासारखं लागतं. वांग आहे, शेपटासकट, चांगलं गडद. तरी आरशात पाहते तर तोंड माझंच आहे. ताई त्यात दिसत नाही. ती चव होती तोवर ती होती. हात थरथरत होता तोवर ती होती. आता घास दाखवते आणि मीच खाते.

ताई गेली. मागच्या वर्षी गेली तेव्हा एवढं लागलं नव्हतं. तेव्हा सगळे रडत होते, मी त्यांना पाणी देत होते. आता सगळे आनंदात आहेत आणि मला कुणासमोर रडता येत नाही. काय म्हणून रडू? बरी झाले म्हणून?

सकाळपासून डबीचा विचार येत आहे. ती रागावली होती असं मला वाटलं. पण राग का असेना, आली तर होती. मलम लावत होते तेव्हाच ती सगळ्यात जवळ होती. उद्या सासूबाई देवळात गेल्या की थोडं लावून बघीन. थोडंसंच. ती येते का ते बघायला.

माघ शुद्ध ५

डबी नाही.

मी मडकं उतरवण्याच्या आत सासूबाईच परत आल्या. त्यांनाही तीच हवी होती, कौसासाठी. लग्नाला थोडे दिवस राहिले, पुटकुळ्यांचे डाग तरी निघतील म्हणून. मडक्यात हात घातला तर आत नुसते हरभरे.

"उषे! तू घेतली का गं?"

"मला काय करायची? माझ्याकडं बघायला कोण बसलंय इथं?" जाऊबाई म्हणाल्या.

आरडाओरडा ऐकून हे गोठ्यातून आले. म्हणाले, "मी काढली. गाडून टाकली."

"गाडली? अरे, कौसाला लावायची होती मला!"

"कौसाला न्हाई लावायची. कुणालाच न्हाई लावायची. परत असलं काही घरात आणायचं न्हाई." हे इतक्या मोठ्याने बोलले की गोठ्यातलं वासरू हंबरलं. यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अरे पण का? तूच तर आणलं होतं चतुरेला!"

यांचं तोंड कसं झालं ते मला लिहिता येत नाही. मेलेल्या माणसाने नावाने हाक मारावी तसं. कौसा म्हणाली, "आई, राहू दे. माझ्या पुटकुळ्या मीच नेईन वडीगोद्रीला," पण कुणी हसलं नाही.

मी यांच्या मागे गोठ्यापर्यंत गेले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मी यांना हाक मारली. "अहो," म्हटलं, "कुठं गाडली?"

"कशाला पाहिजे तुला?"

"तिचं बोट होतं त्यात."

यांना समजलं नाही, किंवा समजलं. म्हणाले, "ती गेली तव्हाच गाडायला पाहिजे होती. आधीच. लई आधी."

मी म्हटलं, "तुम्हाला तिचं काहीच बघवत न्हाई. माझं तोंडसुद्धा बघवलं न्हाई. एक वस्तू राह्यली होती, तीपण ठेवली न्हाई."

हे म्हणाले, "व्हय." एवढंच. माझी बाजू घ्यावी तसं म्हणाले, म्हणून मला जास्तच राग आला.

माघ वद्य २

कौसा सासरी गेली. पुटकुळ्या होत्या, कुणी पाहिल्या नाहीत.

मी यांच्याशी बोलत नाही. हे आता मळ्यात झोपत नाहीत. दिवस मावळला की घरी येतात, हातपाय धुतात, माझ्यासमोर येऊन बसतात आणि माझ्या नडगीवर अंगठा दाबतात, सोनूबाईने दाबला होता तसा. दाबून धरतात, काढतात आणि बघत राहतात. रोज. सासूबाईंना आणि जाऊबाईंनाही हे दिसतं, पण यांना लाज वाटत नाही. मला वाटते.

कशाला बघतात ते मला कळत नाही. सूज कधीच गेली. मी एकदा म्हटलं, "काही न्हाई आता." तरी दुसऱ्या दिवशी आले.

आज दाबला. खळगा पडला नाही. हे अंगठा काढून घेतील असं वाटलं, पण यांनी माझा पाय दोन्ही हातांत धरला आणि त्यावर डोकं टेकलं. यांचे खांदे हलत होते. यांना काय झालं होतं? डबी यांनीच गाडली, रडायचं तर मी.

मी पाय ओढून घेतला.